न्यायमूर्ती रानडे : तालुका कोर्टाच्या दप्तरात न्याय शोधणारा माणूस

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा १६ जानेवारी हा स्मृतिदिन. समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ आणि इतिहासकार म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. मात्र पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील लहान न्यायालयांची दप्तरे तपासण्यात त्यांच्या आयुष्याची जी वर्षे गेली, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

कराडला लागून, आगाशिव डोंगराच्या पायथ्याशी वसलेले मलकापूर पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. या मार्गावर वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल झालेला दंड ज्याला मान्य नसतो किंवा ज्याने तो मुदतीत भरलेला नसतो, त्याच्यावर कराडच्या न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ येऊ शकते. रक्कम लहान असते. तरीही समन्स निघाले केव्हा, ते हाती पडले का, प्रकरणाचा क्रमांक कोणता, भरलेल्या पैशाची नोंद झाली का, एवढे कळल्याखेरीज त्यातून सुटका होत नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी याच परिसरातील शेतकऱ्यापुढे हेच प्रश्न होते. फरक इतकाच, की त्या वेळी पणाला लागलेली असे ती जमीन, बैलजोडी आणि राहते घर. ज्या कागदावर हे सारे जात असे, तो कागद बहुतेकांना वाचता येत नव्हता. त्या कागदाची बाजू कोणीतरी नीट वाचावी, अशी व्यवस्था १८७९ च्या एका कायद्याने निर्माण केली आणि ते वाचण्याचे काम १८८१ मध्ये रानडे यांच्याकडे आले.

कोल्हापूरचा अबोल मुलगा

महादेवराव यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. रानडे घराण्यातील एका पूर्वजाने सांगलीकर पटवर्धनांचे वकील म्हणून पुण्यात काम केले होते. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. हा मुलगा इतका अबोल होता, की तो मंदबुद्धीचा तर नाही ना, अशी शंका घरच्यांना येत असे. पण शाळेत त्याची चमक दिसू लागली आणि १८५६ च्या सुमारास त्याला शिक्षणासाठी मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत पाठविण्यात आले.

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. ती उत्तीर्ण झालेल्यांत रानडे होते. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासमवेत त्यांचे नाव आहे. १८६४ मध्ये ते एम. ए. झाले आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. अतिवाचनामुळे विद्यार्थिदशेतच डोळ्यांचे दुखणे जडले. ते आयुष्यभर पूर्णपणे सुटले नाही.

त्यानंतरची पाच वर्षे निरनिराळ्या कामांची होती. शिक्षण खात्यात भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश आणि मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक अशी कामे त्यांनी केली. मुंबईत काही काळ दंडाधिकारी म्हणून आणि लघुवाद न्यायालयातही त्यांनी काम पाहिले. शहरातील किरकोळ गुन्हे आणि चार पैशांचे वाद त्यांच्यासमोर येत. नोव्हेंबर १८७१ मध्ये पुण्याच्या प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीशपदी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन केली होती. रानडे सरकारी नोकर असल्याने सभेच्या व्यासपीठावर मागेच राहिले. पण सभेची निवेदने, पाहण्या आणि १८७८ पासूनचे त्रैमासिक यांमागे त्यांची लेखणी आणि विचार होता. शेतसारा, दुष्काळ आणि कर्जबाजारीपणा या विषयांवर सभेने गावोगावची माहिती गोळा केली. कोर्टकचेरीच्या खर्चापासून लोकांची सुटका व्हावी म्हणून लवाद न्यायालयांचा पुरस्कारही सभेने केला. न्यायासनावर बसलेला माणूस न्यायालयाबाहेरील तडजोडीला उत्तेजन देत होता, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

देवराष्ट्रे आणि एक सल

रानडे यांचे सातारा जिल्ह्याशी असलेले नाते केवळ नोकरीचे नव्हते. त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वाईच्या दांडेकर घराण्यातील. विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांचे ज्येष्ठ सहकारी असलेले विष्णुशास्त्री पंडित हे वाईजवळच्या बावधनचे. १८६९ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या गाजलेल्या विधवाविवाहाच्या वेळी रानडे या चळवळीत अग्रभागी होते आणि त्याबद्दल सनातन्यांचा बहिष्कार त्यांनी सोसला होता.

१८७३ मध्ये सखूबाईंचे निधन झाले. रानडे ३१ वर्षांचे होते. आता ते विधवेशीच विवाह करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती आणि नेमकी तीच भीती वडिलांना होती. गोविंदरावांनी घाईने स्थळ पाहिले. ते देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्याचे होते. मुलीचे वय ११ वर्षांचे. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले आणि आज हे गाव सांगलीच्या कडेगाव तालुक्यात आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ते परिचित आहे.

रानडे यांनी विरोध केला, विनवण्या केल्या आणि अखेर वडिलांपुढे मान तुकविली. ज्या तत्त्वाचा ते जाहीर पुरस्कार करीत होते, ते स्वतःच्या घरात पाळण्याची वेळ आली तेव्हा ते माघारी फिरले, हा आक्षेप विरोधकांनी घेतला आणि अनुयायांनीही घेतला. त्याला समाधानकारक उत्तर नव्हते आणि ते देण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. लग्नाच्या दिवसापासून त्यांनी पत्नीच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या, मराठी व इंग्रजी शिकल्या, पतीला वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवू लागल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी या शिक्षणाबद्दल त्यांचा केलेला छळ रमाबाईंच्या आठवणींत नोंदलेला आहे. त्या वेळीही रानडे यांनी घरच्यांशी उघड भांडण न करता शिक्षण मात्र थांबू दिले नाही. समोरासमोरचा झगडा टाळायचा आणि काम सोडायचे नाही, हा त्यांचा स्वभाव होता. तो त्यांच्या न्यायदानातही दिसतो.

खतांची होळी

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले होते. युद्ध संपताच ते कोसळले. पाठोपाठ फेरपाहणीत शेतसारा वाढला. सारा रोख भरायचा आणि हाती रोकड नाही, अशा कोंडीत शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला ३ वर्षांची मर्यादा घातली होती. ही तरतूद ऋणकोच्या सोयीसाठी होती, पण परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि नव्या खतावर जुन्या हिशेबाचा मागमूसही राहत नसे. अंगठा उठला, की न्यायालयापुढे तोच पुरावा.

दावा दाखल होई तेव्हा शेतकरी बहुतेक वेळा हजरच नसे. समन्स त्याच्यापर्यंत पोहोचत नसे किंवा पोहोचले तरी त्याचा अर्थ कळत नसे. तालुक्याला जाण्याचा खर्च, बुडणारा दिवस आणि वकिलाची फी यांचा विचार करून अनेक जण घरीच राहत. मग एकतर्फी हुकूमनामा होई, त्याच्या बजावणीची दरखास्त लागे आणि जप्तीचा बेलीफ दारात उभा राही. कायद्याच्या दृष्टीने सर्व काही रीतसर असे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंगलींत माणसांवर हात फारसा उचलला गेला नाही. जमावाचा रोख सावकाराच्या घरातील कागदांवर होता. खते, रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळण्यात आले. सातारा जिल्हा बहुतांशी शांत राहिला. मात्र सप्टेंबर १८७५ मध्ये जिल्ह्याच्या नैऋत्येकडील कुकरूड येथे सावकाराची कागदपत्रे अशाच रीतीने जाळली गेली. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. ज्या कागदाने न्यायालयात आपले ऐकून घेतले जात नाही, तो कागदच नष्ट करावा, एवढाच मार्ग शेतकऱ्याला दिसला होता.

सरकारने दंगल चौकशी आयोग नेमला. त्यानंतर झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास या कायद्याने बंदी घातली. खास गहाण न ठेवलेली जमीन विकण्यास मज्जाव केला. न्यायाधीशाने केवळ समोरच्या खतावर विसंबून न राहता व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे, व्याजावर व्याज धरू नये, असे बंधन घातले. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घेणे आवश्यक ठरविले. १० रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गाव मुनसफ नेमले. दावा लावण्यापूर्वी तडजोड घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याचा दाखला आणण्याची अट घातली. शेतकऱ्याची खते गाव निबंधकासमोर लिहिली जावीत आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती त्याला मिळावी, हेही कायद्यात आले.

सातारा जिल्ह्याची फिरती

कायदा होत असताना रानडे पुण्यात नव्हते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली होती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार धास्तावले, पुण्यात बुधवार वाडा जळाला आणि पुण्याच्या पुढाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. रानडे यांना धुळ्याला पाठविण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर सरकारी नजर होती, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी तक्रार न करता काम चालू ठेवले आणि काही महिन्यांत संशय निवळला. १८८१ च्या आरंभी ते काही काळ मुंबईत दंडाधिकारी होते. त्याच वर्षी नव्या कायद्याखाली साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे त्यांच्याकडे आले.

हे पद नेहमीच्या न्यायाधीशाचे नव्हते. कायद्याच्या मुख्य प्रकरणाखालील लहान दाव्यांत अपिलाची सोय ठेवलेली नव्हती. अपील म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा वकील. त्याचा लाभ सावकारालाच अधिक होतो, असा त्यामागील विचार होता. पण अपील नाही म्हणजे चूक सुधारण्याची वाटही नाही. त्यावर कायद्याने काढलेला तोडगा असा, की वरच्या अधिकाऱ्याने स्वतः खालच्या न्यायालयात जावे, निकाली प्रकरणांचे दप्तर मागवून तपासावे आणि जेथे अन्याय दिसेल तेथे निकाल बदलावा. त्यासाठी पक्षकाराने दाद मागितलीच पाहिजे, असे नव्हते. जो शेतकरी वरच्या न्यायालयात कधी पोहोचणार नव्हता, त्याच्या दाव्याकडे न्यायाधीशच येणार होता.

सातारा जिल्ह्यात तेव्हा रेल्वे पोहोचलेली नव्हती. पावसाळा सरला, की बैलगाड्या आणि घोडागाडी घेऊन फिरती सुरू होई. बरोबर कारकून, शिपाई, दप्तराच्या पेट्या आणि बहुधा रमाबाईही असत. कराडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम न्यायाधीशाचे न्यायालय होते. मलकापूर हे त्या वेळी कराडलगतचे एक खेडे. अशा खेड्यांतील शेतकऱ्यांचे दावे त्या न्यायालयाच्या दप्तरात साठत.

एका लहानशा दाव्याच्या दप्तरात काय असते? वादपत्र, समन्स, ते बजावल्याबद्दल बेलिफाचा शेरा, मूळ खत, सावकाराच्या वहीतील उतारा, जबान्या, हिशेबाचा तक्ता, निकाल, हुकूमनामा आणि पुढे दरखास्त. यांतील प्रत्येक कागद काहीतरी सांगतो आणि कधी कधी लपवितोही. समन्सवर बजावणीचा शेरा आहे, पण प्रतिवादीची जबानी नाही, तर ती का घेतली गेली नाही? खत २०० रुपयांचे आहे, पण प्रत्यक्षात हाती किती पडले? हिशेब आरंभापासून काढला, की शेवटच्या खतापासूनच? तडजोडीच्या कागदावर अंगठा आहे, पण तडजोड कोणत्या अटीवर झाली हे त्या माणसाला समजले होते का? कायद्याला अपेक्षित असलेली तपासणी ही अशी होती. तिला कायद्याच्या ज्ञानाइतकीच चिकाटी लागत होती. दुखऱ्या डोळ्यांच्या रानडे यांनी ती वर्षानुवर्षे केली.

या कामात मानमरातब नव्हता. एखाद्या गाजलेल्या खटल्याचे नाव त्यातून पुढे आले नाही. १०, ५० किंवा १०० रुपयांचे दावे इतिहासात जात नसतात. पण गावातील तडजोड अधिकाऱ्यापासून दुय्यम न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला एक गोष्ट माहीत झाली, की आपण लिहिलेला कागद पुढेमागे कोणीतरी वाचणार आहे. खालच्या न्यायालयावर याहून मोठा वचक नसतो.

१८८४ मध्ये रानडे पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्याच वर्षी पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली आणि तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर आणि १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची छाननी करणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर ते पुन्हा जुन्याच कामावर परतले. या वेळी साहाय्यक म्हणून नव्हे, तर स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून. १८९३ पर्यंत चारही जिल्ह्यांतील या कायद्याच्या अंमलबजावणीवर त्यांची देखरेख होती.

दप्तरातून दिसलेला शेतकरी

हजारो लहान दाव्यांच्या वाचनातून रानडे यांचे अर्थशास्त्र घडले, असे म्हणता येईल. पुस्तकी सिद्धांत इंग्लंडमधील परिस्थितीवर बेतलेले आहेत आणि ते येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे त्यांच्या लेखनाचे मुख्य सूत्र. त्यामागे न्यायालयाच्या टेबलावर पाहिलेले वास्तव होते. करार करणारे दोन्ही पक्ष समान आहेत, असे कायदा गृहीत धरतो. प्रत्यक्षात एकाला वाचता येते आणि दुसऱ्याला येत नाही.

कायद्याच्या मर्यादाही त्यांनी झाकल्या नाहीत. तडजोडीची पायरी अनेक ठिकाणी निव्वळ उपचार ठरू लागली होती. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊन पळवाट काढू लागले होते. न्यायालयाचे संरक्षण वाढले, की शेतकऱ्याला कर्ज मिळणे अवघड होते, हा आक्षेपही पूर्णपणे खोटा नव्हता. सावकाराला आवरले, पण त्याच्या जागी दुसरा कोणी उभा केला नाही, तर पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याने जायचे कोठे? या प्रश्नावर रानडे यांचे उत्तर शेतकी पतपेढ्यांचे होते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी मांडलेल्या शेतकी बँकेच्या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. विलायतेतील सरकारने ती योजना मान्य केली नाही. तरीही युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करून ते हा विषय मांडत राहिले. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला, तेव्हा रानडे हयात नव्हते. कृष्णाकाठच्या ज्या भागात त्यांनी कर्जाच्या दाव्यांची दप्तरे तपासली, तोच भाग पुढे सहकारी चळवळीचा बालेकिल्ला ठरला.

हीच वर्षे त्यांच्या सार्वजनिक जीवनातील धामधुमीची होती. १८८७ मध्ये सामाजिक परिषद सुरू झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखा शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाला. रानडे यांनी तपासून परत केलेले मजकूर पुन्हा पुन्हा लिहिताना गोखले यांना आकड्यांची आणि कागदाची शिस्त लागली. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि पुन्हा एकदा माघारीचा ठपका त्यांच्यावर आला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. न्यायमूर्ती हे बिरुद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले ते तेव्हापासून.

पेशव्यांच्या रोजनिशा

दप्तर वाचण्याची सवय त्यांना अखेरच्या वर्षांत इतिहासाकडे घेऊन गेली. मराठ्यांचा इतिहास लढाया आणि स्वाऱ्यांच्या वर्णनापुरता राहिला आहे; राज्य चालत कसे होते, हे सरकारी दप्तरांत दडलेले आहे, असे त्यांचे मत होते. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशांवरील प्रस्तावनावजा निबंध त्यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत वाचला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले उतारे त्याचा आधार होते.

या निबंधात रानडे यांनी शेतसारा, जकाती, टांकसाळी, टपाल यांबरोबरच न्यायदानाचीही छाननी केली आहे. दिवाणी वाद कसे ऐकले जात, फौजदारी गुन्ह्यांना कोणत्या शिक्षा होत, दंड आणि जप्ती यांचे प्रमाण किती आणि कोणत्या काळात शिक्षा कठोर झाल्या, हे त्यांनी नोंदींच्या आधारे पाहिले. शतकभरापूर्वीच्या कारकुनाने टिपलेल्या दंडाच्या नोंदीतून राज्याचा स्वभाव ओळखायचा, ही दृष्टी तालुका न्यायालयांच्या फिरतीत कमावलेली होती.

लहान प्रकरण, मोठा प्रश्न

रानडे यांच्या काळातील गाव मुनसफ आणि तडजोड अधिकारी ही पदे आज उरलेली नाहीत. मात्र त्यांमागील कल्पना नव्या नावांनी परत आल्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला आणि लोकअदालतींना कायद्याचे बळ मिळाले. तेथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी मानली जाते आणि तिच्याविरुद्ध अपील नसते. २००८ च्या कायद्याने ग्रामन्यायालयांची तरतूद केली. वाहतूक दंडाची थकीत प्रकरणे आज मोठ्या संख्येने लोकअदालतीपुढे ठेवली जातात. प्रकरणाची माहिती संकेतस्थळावर शोधता येते, तारीख भ्रमणध्वनीवर कळते आणि निकालाची प्रमाणित नक्कल अर्ज करून मिळविता येते.

एवढ्या सोयी असूनही जुना प्रश्न संपलेला नाही. वाहन विकले, पण नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर राहिली. पत्ता बदलला आणि नोटीस भलत्याच दारी गेली. दंड भरला, पण पावती जपली नाही, अशी प्रकरणे कोणत्याही तालुक्यात निघतात. १८७९ च्या कायद्याने पावतीला जे महत्त्व दिले, प्रतिवादीला समक्ष ऐकण्याचा जो आग्रह धरला आणि निकाली दप्तर पुन्हा उघडून पाहण्याची जी सोय ठेवली, ती याच अनुभवातून आलेली होती. नोंद चुकली तर ती दुरुस्त करून घेण्याची वाट सामान्य माणसाला सापडली पाहिजे. ती सापडत नसेल, तर न्यायालय कितीही जवळ असले तरी त्याचा उपयोग नाही.

उच्च न्यायालयातील सात वर्षांत रानडे यांची प्रकृती ढासळत गेली. हृदयविकाराचे झटके येऊ लागले होते. १९०१ च्या आरंभी त्यांनी रजा घेतली. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस अवघ्या दोन दिवसांवर होता. देवराष्ट्र्याहून आलेल्या ज्या मुलीच्या हाती त्यांनी पाटी दिली होती, तिने पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि १९१० मध्ये पतीच्या सहवासातील आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. फिरतीवरील मुक्काम, दिव्याच्या उजेडातील वाचन आणि कामात बुडालेला तो अबोल माणूस यांची ओळख महाराष्ट्राला मुख्यतः त्या पुस्तकातून झाली.

रानडे यांच्या नावाने संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांची भाषणे ग्रंथबद्ध झाली. सातारा आणि पुणे जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्यांचे निकाल त्यांच्या तपासणीत बदलले, त्यांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत. आपला दावा कोणी पुन्हा उघडला आणि का उघडला, हे त्यांपैकी अनेकांना कळलेही नसेल. जप्ती टळली आणि त्या वर्षी पेरणी आपल्याच शेतात झाली, इतकेच त्यांना ठाऊक होते.